पीएच.डी.साठी शोधनिबंधाची अट काढली, हे योग्य झाले का?

मूळ मांडणी (भौतिकशास्त्राचा प्राध्यापक)

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.ची नवी नियमावली लागू केली. प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे आणि दोन परिषदांत सादरीकरण करणे ही २०१६ च्या नियमांतली अट तिच्यात नाही. विद्यापीठांना स्वतःपुरती अट ठेवता येते आणि काहींनी ती ठेवलीही आहे, त्यामुळे वाद मिटलेला नाही. माझ्या मते ही अट जाणेच आवश्यक होते, कारण तिने संशोधन वाढवले नाही, निबंध विकणाऱ्यांचा बाजार वाढवला.

पीएच.डी. करणाऱ्या कोणाचीही ईमेलपेटी उघडून पाहावी. ‘आदरणीय संशोधक, आपल्या मौलिक लेखनाची आम्ही प्रतीक्षा करीत आहोत’ अशी सुरुवात, तीन दिवसांत स्वीकृतीची हमी, काही हजार रुपये शुल्क आणि सोबत प्रमाणपत्राचा नमुना. प्रबंधाची मुदत डोक्यावर असलेला विद्यार्थी तिथे वळतो, कारण कार्यालयातला कारकून निबंधात काय आहे हे पाहत नाही, नियतकालिक आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीत आहे की नाही एवढेच पाहतो. त्या यादीची अवस्था काय होती, हे २०१८ मध्ये संशोधक भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात दाखवून दिले: विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी जी तपासली, त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाला ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. पुढे तिच्या जागी आयोगाची ‘केअर’ ही नवी यादी आली, तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचे आयोगाने जाहीर केले. ज्या अटीची अंमलबजावणी करायला आयोगाला स्वतःलाच एक विश्वासार्ह यादी टिकवता आली नाही, ती अट विद्यार्थ्यांवर लादण्याचा नैतिक अधिकार कोणाला उरतो?

प्रतिसाद (रसायनशास्त्राची प्राध्यापिका)

यादी सदोष होती हे मान्य. पण त्यावरून अटच चुकीची होती असे सिद्ध होत नाही. बनावट औषधे विकली जातात म्हणून औषधे घेण्याचे कोणी थांबवत नाही.

निबंध छापण्यापूर्वी नियतकालिक तो त्या विषयातल्या अनोळखी तज्ज्ञांकडून, म्हणजे समीक्षकांकडून, तपासून घेते; हे परीक्षण म्हणजे नेमके काय, हे आपल्या मांडणीत आलेच नाही. आमच्या विभागातल्या एका विद्यार्थिनीने एका संयुगाचे उत्पादन (जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या प्रमाणाच्या तुलनेत प्रत्यक्ष मिळालेले) ९० टक्क्यांच्या वर दाखवले होते. समीक्षकाने निबंधासोबतच्या पुरवणी माहितीतला एनएमआर आलेख (ज्यात प्रत्येक पदार्थाचे संकेत ठरावीक पीपीएम आकड्यांवर दिसतात) पाहून विचारले, की ४.१२, २.०५ आणि १.२६ पीपीएमला जे संकेत दिसतात ते एथिल ॲसिटेटचे नाहीत काय? ते त्याचेच होते. शुद्धीकरणासाठी वापरलेले द्रावक नमुन्यात राहिले होते आणि वजनात तेही धरले गेले होते. नमुना पुन्हा कोरडा केल्यावर आकडा बराच खाली आला. हा प्रश्न विचारणारी व्यक्ती तिला ओळखत नव्हती आणि तिला दुखावण्याचे किंवा खूश करण्याचे कोणतेही कारण त्या व्यक्तीला नव्हते. असे निर्भीड वाचन प्रबंधाच्या परीक्षणात मिळते का? परीक्षकांची नावे बहुतेक ठिकाणी मार्गदर्शकच सुचवतात. आज मी तुमच्या विद्यार्थ्याची परीक्षक, उद्या तुम्ही माझ्या. व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, दिवशी पेढे आधीच आणलेले असतात. निबंधाची अट गेली की बाहेरची ही एकमेव अनोळखी नजरही जाते. शिवाय चांगल्या ठिकाणी छापायला पैसे लागतातच असे नाही. इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या ‘प्रमाण’ या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकासारख्या ठिकाणी शुल्क न भरता निबंध छापता येतो, वेळ मात्र द्यावा लागतो.

प्रतिसाद (पीएच.डी.चा विद्यार्थी, जीवशास्त्र)

वेळ द्यावा लागतो हेच तर दुखणे आहे, ताई. पहिला निर्णय यायला कित्येक महिने जातात, नकार आला की दुसरीकडे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि दरम्यान शिष्यवृत्तीची पाच वर्षे संपतात. विनामूल्य छापण्याचा मार्ग मोठ्या नियतकालिकांतही आहे, पण लेख सर्वांना खुला ठेवायचा तर ‘नेचर’ने २०२० मध्ये जाहीर केलेले शुल्क ९,५०० युरो होते, कनिष्ठ संशोधकाला महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे ही जवळपास दोन वर्षांची शिष्यवृत्ती झाली. आणि मोठा प्रकाशक म्हणजे चोख परीक्षण, हेही आता छातीठोकपणे म्हणता येत नाही. वायली या मोठ्या प्रकाशन कंपनीच्या मालकीच्या हिंदावी या प्रकाशनसंस्थेला २०२३ या एका वर्षात ८,००० हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले.

प्रतिसाद (महाविद्यालयीन अध्यापक)

अट गेली म्हणून आनंद मानणाऱ्यांनी नोकरीची जाहिरातही वाचावी. सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीसाठी उमेदवारांची छाननी करताना २०१८ च्या नियमांनुसार प्रत्येक शोधनिबंधाला २ गुण मिळतात; विद्यापीठांत कमाल १०, महाविद्यालयांत कमाल ६. प्रबंधासाठी निबंध नको, पण नोकरीसाठी हवा, असे झाल्यावर विद्यार्थी त्याच ईमेलला उत्तर देणार, फक्त दोन वर्षे उशिरा. मोजणी हीच मूळ व्याधी आहे आणि तिच्याविषयी वरच्या एकाही प्रतिसादात शब्द नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

मोजणीचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो. प्राध्यापिकाबाईंचे एनएमआरचे उदाहरणही पटते, परंतु त्यातून माझेच म्हणणे पुढे जाते: आपल्याला हवी आहे ती अनोळखी नजर, छापील पानांचा पुरावा नव्हे. ती नजर प्रबंधालाच का मिळू नये? प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला होतोच, त्याच्यासोबत परीक्षकांचे अहवाल, त्यांच्या नावांसह, तिथेच ठेवावेत. ज्याला आपला अहवाल चारचौघांत वाचला जाणार आहे हे ठाऊक आहे, तो ‘प्रबंध समाधानकारक आहे’ या एका ओळीवर सही करणार नाही.

प्रतिसाद (रसायनशास्त्राची प्राध्यापिका)

अहवाल खुले करावेत, याला माझा मनापासून पाठिंबा आहे. मात्र परीक्षक निवडण्याचा अधिकार मार्गदर्शकाकडून काढून घेतल्याशिवाय तो उपाय अपुरा राहील, कारण नावासकट स्तुती करायला कोणी लाजत नाही. ही नावे विद्यापीठाने स्वतंत्रपणे ठरवावीत. तोपर्यंत मी माझ्या विद्यार्थ्यांना निबंध पाठवल्याशिवाय प्रबंध बांधू देणार नाही. तो स्वीकारला जावा असा माझा आग्रह नाही, पण परीक्षणाला गेलाच पाहिजे आणि समीक्षकांचे शेरे माझ्या टेबलावर आलेच पाहिजेत.