बिस्मार्कनंतरची टिरपिट्झ
दुसऱ्या महायुद्धात 27 मे 1941 ला बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका बुडाली आणि तिथेच जर्मन युद्धनौकांचा धाक संपला, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही, कारण तिची जुळी बहीण टिरपिट्झ त्यानंतरही साडेतीन वर्षं टिकून होती.

गंमत म्हणजे तिने फारसं काही केलंच नाही. शत्रूवर चाल करून मोठ्या तोफा डागल्या त्या एकदाच, सप्टेंबर 1943 मध्ये, आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गेन बेटावर. बाकी मुक्काम नॉर्वेच्या फ्योर्डांत, म्हणजे डोंगरांमधल्या चिंचोळ्या खाड्यांत. पण जुलै 1942 मध्ये ती बाहेर पडणार या नुसत्या शंकेने ब्रिटिश नौदलाने रशियाकडे निघालेल्या पीक्यू-17 या मालवाहू जहाजांच्या ताफ्याला पांगायचा हुकूम दिला. मग एकट्या पडलेल्या जहाजांना विमानांनी आणि पाणबुड्यांनी टिपलं. वीसहून जास्त जहाजं गेली, आणि टिरपिट्झने एक गोळाही झाडला नव्हता! त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रान्समधल्या सेंट नाझेर बंदराची सुकी गोदी ब्रिटिशांनी स्फोटकांनी भरलेली विनाशिका धडकवून निकामी केली होती. कारण अटलांटिकच्या किनाऱ्यावर एवढं मोठं धूड दुरुस्तीला मावेल अशी तीच एक जागा होती.

पुढे छोट्या पाणबुड्यांनी तिच्याखाली सुरुंग पेरले, विमानवाहू नौकांवरून हल्ले झाले. ती जायबंदी व्हायची, बुडायची नाही. शेवटी 12 नोव्हेंबर 1944 ला नॉर्वेतल्या ट्रोम्सोजवळ ब्रिटिश लँकेस्टर विमानांनी सुमारे 5 टनी 'टॉलबॉय' बॉम्ब टाकले आणि ती उथळ पाण्यात उलटली. तळाचा पत्रा कापून 80च्या आसपास खलाशी जिवंत काढले, बाकी शेकडो आतच राहिले. सांगाडा युद्धानंतर तिथेच भंगारात निघाला.