पुणे की स्टुटगार्ट : जगण्याचा दर्जा कशात मोजावा?

कोथरूडकर
नमस्कार. मी चाकणच्या एका वाहन कारखान्यात अभियंता असून स्टुटगार्टच्या एका कंपनीकडून मला कायम नोकरीचा देकार आला आहे. पत्नी दंतवैद्य असून कोथरूडमध्ये तिचा स्वतःचा दवाखाना आहे, मुलगी सात वर्षांची आहे आणि सत्तरी ओलांडलेले आईवडील आमच्याकडेच राहतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या मानव विकास अहवालात जर्मनी पाचव्या आणि भारत १३० व्या क्रमांकावर आहे, हे वाचले. पगाराला युरोच्या भावाने गुणूनही झाले. तरीही निर्णय होत नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

नेकारकाठ
मी मूळचा सदाशिव पेठेतला, अकरा वर्षे स्टुटगार्टमध्ये आहे. तो गुणाकार आधी पुसून टाका, कारण पगार युरोत आला तरी घरभाडे, भाजी आणि केशकर्तनही युरोतच होते. ठरावीक पगारमर्यादेपर्यंत सार्वजनिक आरोग्यविम्यासाठी १४.६ टक्के व वर थोडा अधिभार, निवृत्तिवेतनासाठी १८.६ टक्के अशी वर्गणी जाते. दोन्हींचा निम्मा भार मालक उचलतो, प्राप्तिकर मात्र वेगळा. त्याच वर्गणीत कमावता नसलेला जोडीदार आणि मुलेही येतात. माझ्या मुलाच्या हाताची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा रुग्णालयात अनामत रकमेचा विषयसुद्धा निघाला नाही. सरकारी शाळेला शुल्क नाही, पण चौथीनंतर मूल कोणत्या प्रकारच्या शाळेत जाणार हे ठरत असल्यामुळे आपल्या मुलीला भाषा शिकायला फार अवधी मिळणार नाही.

राहता राहिले रोजचे जगणे. रविवारी दुकाने बंद असतात. शनिवारी दूध आणायचे राहिले की सोमवारपर्यंत कोरा चहा. आमच्याकडे जिना भाडेकरूंनीच आळीपाळीने साफ करायचा असतो आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लागते. या पद्धतीला 'केरवोखे' म्हणतात (त्यातला 'केर' आपल्या केराशी जुळतो, हा निव्वळ योगायोग). पहिल्या पाळीला मी जिना झाडला, पुसला नाही. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या आजींनी बादली आणि फडके माझ्या दारासमोर आणून ठेवले. बोलल्या एक शब्द नाहीत.

औंधवासी
सहा वर्षे ब्रेमेनमध्ये राहून मी परतले आणि आता घर औंधच्या ब्रेमेन चौकाजवळ आहे. यावर नातेवाइकांचे विनोद करून संपले आहेत. आपण उल्लेखलेल्या अहवालातला मानव विकास निर्देशांक आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न एवढेच मोजतो. वडिलांना रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले, तेव्हा शेजारच्या काकांनी त्यांना स्वतःच्या गाडीत घालून नेले आणि मला फोन आला तो सगळे निस्तरल्यावर, हे त्यात कुठे बसणार? उलट, तिथे माझी मुलगी सातव्या वर्षी एकटी चालत शाळेत जात असे. इथे ती बारा वर्षांची झाली तरी तिला एकटीने रस्ता ओलांडू द्यायचा मला धीर होत नाही. परतल्यावर सर्वांत जास्त उणीव भासली ती पदपथाची.

आईवडिलांना नेण्याची वाट मार्च २०२४ पासून कुशल कर्मचाऱ्यांसाठी थोडी मोकळी झाली आहे, परंतु त्यांच्या आरोग्यविम्याची आणि निर्वाहाची तजवीज आपल्यालाच दाखवावी लागते, आणि त्या वयात विमा मिळवणे हेच खरे कठीण काम आहे.

स्पष्ट लिहिते, राग मानू नये. पत्नीचा दवाखाना आपण एका वाक्यात उरकला आहे. पदवीला मान्यता आणि वैद्यकीय जर्मनची परीक्षा या दोन्हींशिवाय त्यांना तिथे स्वतंत्रपणे काम करता येणार नाही. आपले राहणीमान पहिल्या महिन्यापासून सुधारेल. त्यांचे काय होईल, हे आपण त्यांना विचारले आहे का?

कोथरूडकर
विचारले नव्हते. काल रात्री हा प्रतिसाद तिला वाचायला दिला. दवाखाना विकायचा नाही, दुसऱ्या डॉक्टरला चालवायला द्यायचा, ही तिची पहिली अट आहे. मॅक्स म्युलर भवनातल्या भाषावर्गांच्या वेळा तिने आज पाहून ठेवल्या आणि मी कंपनीकडे रुजू होण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मागितली आहे.