मॅग्नेटोच्या बाजूने मन का झुकते?

चित्रवाचक :
मार्वलच्या ‘एक्स-मेन’ या चित्रकथा-मालिकेचे जुने अंक सध्या क्रमाने वाचत आहे. सप्टेंबर १९६३च्या पहिल्या अंकात स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी उभा केलेला खलनायक, चुंबकशक्ती असलेला मॅग्नेटो, क्षेपणास्त्रतळ काबीज करतो आणि म्यूटंट, म्हणजे जन्मजात अद्भुत शक्ती लाभलेली त्याच्यासारखी माणसे, हेच जगाचे खरे धनी असल्याचे बजावतो, यापलीकडे त्याच्या मनात डोकावायला लेखकाने फट ठेवलेली नाही. असे असूनही आज बहुतेक वाचक त्याच्याविषयी हळवेपणाने बोलतात. त्याने माणसे मारली आहेत, हे ठाऊक असताना हा ओढा कशामुळे निर्माण होतो?

शाईरेघ :
हा ओढा १९६३चा नाही. तो प्रामुख्याने या मालिकेचे नंतरचे लेखक ख्रिस क्लेअरमाँट यांच्या लेखणीतून आला. १९८१च्या १५०व्या अंकात मॅग्नेटो सर्व राष्ट्रांनी अण्वस्त्रे टाकून आपल्या हाती कारभार द्यावा अशी मागणी करतो, आपल्यावर क्षेपणास्त्रे सोडणारी सोव्हिएत पाणबुडी खलाशांसह बुडवतो आणि पुढे झालेल्या झुंजीत त्याच्या तडाख्याने एक्स-मेन चमूतली किटी प्राइड कोसळते. ती जेमतेम तेरा-चौदा वर्षांची पोर आहे, हे ध्यानात येताच तो तिला उचलून घेतो, आउशवित्झमध्ये गमावलेल्या आपल्या माणसांविषयी बोलतो आणि ज्यांचा आयुष्यभर तिरस्कार केला त्यांच्यासारखेच आपण होत चाललो आहोत, हे कबूल करतो. माझ्या मते त्याच्या आकर्षणाचे मूळ या कबुलीत आहे. दुःखद भूतकाळ तर कितीतरी खलनायकांना चिकटवलेला असतो. पण त्या भूतकाळाच्या मापाने स्वतःलाच मोजून पाहणारा खलनायक विरळा. छळछावणीतून वाचलेल्या माणसाने ‘पुन्हा असे होऊ देणार नाही’ म्हणणे सर्वस्वी रास्त आहे, आणि म्हणूनच त्याचा पहिला विचार खोडून काढता येत नाही. तो चुकतो ते पुढच्या पायरीवर, जेव्हा आपल्या लोकांच्या सुरक्षिततेसाठी इतरांवर सत्ता गाजवणे हाच एकमेव मार्ग त्याला दिसू लागतो.

उत्तररात्र :
शाईरेघ यांच्या म्हणण्याशी बव्हंशी सहमत आहे, मात्र छावणीइतकाच महत्त्वाचा घाव त्यानंतरचा आहे. १९८७मध्ये ‘क्लासिक एक्स-मेन’च्या १२व्या अंकात जॉन बोल्टन यांच्या चित्रांसह ती कथा आली. युद्ध संपले आहे, युक्रेनमधल्या विनित्सा शहरात तो पत्नी माग्दा आणि लहानगी आन्या यांच्यासह नव्याने संसार थाटू पाहतो आहे, आणि घराला आग लागते तेव्हा लेकीकडे धावणाऱ्या या बापाला जमाव अडवून धरतो. मुलगी त्याच्या डोळ्यांदेखत जळून जाते. त्यानंतर त्याची शक्ती उसळते, जमाव मरून पडतो आणि ते पाहून माग्दा त्याच्यापासूनच भेदरून पळून जाते. छळ करणारे गणवेशातले होते, आता साधी माणसेही तशीच वागली, आणि जिच्यावर जीव जडला तिलाही आपली धास्ती वाटते : या तिन्ही गोष्टी अनुभवलेल्या माणसाला माणुसकीवर विश्वास ठेवा असे सांगायला एक्स-मेनचे संस्थापक प्राध्यापक झेवियर यांच्याजवळ कोणता पुरावा उरतो? (झेवियर आणि मॅग्नेटो म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स, ही सर्रास केली जाणारी तुलना मला पटत नाही. पहिल्या अंकात तिचा मागमूस नाही आणि तिने माल्कम एक्स यांच्यावर अन्यायही होतो.)

चित्रवाचक :
दोघांचेही मनापासून आभार. तरीही एक शंका उरते. अशा कथा वाचल्यावर त्या पाणबुडीतले खलाशी आपण विसरतो, हा लेखकाचा दोष म्हणायचा की वाचकाचा?

शाईरेघ :
लेखकाचा तर नक्कीच नाही, कारण क्लेअरमाँट यांना त्या खलाशांचा विसर पडला नव्हता. १९८५च्या २००व्या अंकात पॅरिसमध्ये मॅग्नेटोवर खटला चालतो, त्यात त्या पाणबुडीचा हिशेबही मागितला जातो, आणि सहज निसटू शकणारा हा माणूस न्यायालयासमोर उभा राहतो. १५०वा आणि २००वा हे दोन अंक लागोपाठ वाचावेत, अशी आपल्याला आग्रहाची विनंती आहे.