माशाच्या कातडीचं कोलॅजन काढायचंय, सुरुवात कुठून करू?

बंदरवाला_रत्नागिरी: नमस्कार मंडळी. मिरकरवाड्याजवळ आमचं फिलेटचं छोटं युनिट आहे, हॉटेलांना सुरमई नि घोळ कापून देतो. घोळीच्या भोताला (पोटातल्या हवेच्या पिशवीला) चांगला भाव मिळतो पण कातडी डोकी-काट्यांसोबत फिशमीलवाला (माशांची भुकटी करणारा) मातीमोल भावात उचलतो, गाडी चुकली तर पुरावी लागते. यातच कोलॅजन नावाचं प्रोटीन असतं म्हणे, मेडिकलमध्ये पावडरीच्या डब्याची किंमत बघून डोळेच फिरले. आपल्या युनिटमध्ये जमेल का? कुणी केलंय?

लॅबवाला_पुणे: दादा जमतं, पण सगळा खेळ थंडाव्याचा आहे. खवले-मांस खरवडून कातडीचे बारीक तुकडे करायचे, कॉस्टिक सोडा लिटरला ४ ग्रॅम अशा पाण्यात भिजवायचे म्हणजे बाकीची प्रोटीन निघतात, सुरमई तेलकट म्हणून चरबी वेगळी काढावी लागते, मग भरपूर धुवून लिटरला ३० ग्रॅम ॲसिटिक ॲसिडमध्ये दोन-तीन दिवस, आणि हे सगळं ४ अंशांवर. तुकडे फुगून काचेसारखे दिसायला लागतात, गाळून मीठ घातलं की पांढरे धागे सुटतात, तेच कोलॅजन. तापवलंत तर जिलेटिन होतं. त्यातल्या त्यात आपल्या गरम समुद्रातल्या माशांचं कोलॅजन कॉडसारख्या थंड समुद्रातल्या माशापेक्षा जास्त तापमान सोसतं. डब्यातली पावडर मात्र पेप्टाइड असते, म्हणजे एन्झाइमने बारीक तुकड्यांत तोडलेलं कोलॅजन, त्याला एवढा थंडावा लागत नाही, म्हणून तुम्ही त्या बाजूने जा असं माझं मत. एन्झाइम म्हणून पेप्सिन वापरणार असाल तर ते बहुतेक डुकराच्या जठरातून येतं, गिऱ्हाईक विचारणारच.

क्यूसी_ताई: मी प्रोसेसिंग प्लांटमध्ये क्यूसी, म्हणजे मालाची गुणवत्ता बघते. कृपा करून मशीन नंतर घ्या, आधी कातडी सांभाळा!! कापल्या कापल्या बर्फात गेली पाहिजे, क्रेटमध्ये दुपारपर्यंत उघडी पडली की तो वास पावडरीपर्यंत जातो आणि माल परत येतो. कोचीच्या सिफ्टमध्ये (केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेत) यावर काम झालंय, तिथे इनक्युबेशनची, म्हणजे नव्या उद्योगांना हात देण्याची सोय पण आहे, एकदा जाऊन याच. मत्स्य संपदा योजनेत ४० टक्के सबसिडी, महिलांना ६०, त्यामुळे वहिनींच्या नावाने अर्ज करा. एफएसएसएआयचं (खाद्यपदार्थांचं) लायसन्स लागेलच, आणि ॲसिड-सोड्याचं पाणी तसंच खाडीत सोडू नका, तिथेच आपली माणसं कालवं काढतात.

सागरपुत्र: पावडरच कशाला? आइसलँडमध्ये केरेसिस कंपनी कॉडची कातडी जखमेवर लावायला तयार करते, २०१३ ला अमेरिकेची मंजुरी मिळाली, २०२३ मध्ये कंपनी १.३ अब्ज डॉलरपर्यंतच्या किमतीला विकली गेली.

लॅबवाला_पुणे: ते मेडिकल काम आहे, छोट्या युनिटचं नव्हे.

बंदरवाला_रत्नागिरी: खूप आभार सगळ्यांचे. ताई, सुरमई नि घोळीची कातडी एकत्र फ्रीझ केली तर चालेल ना?

क्यूसी_ताई: अजिबात नको. वेगवेगळ्या पिशव्या, वर तारीख नि माशाचं नाव. घोळीची आधी पाठवून बघा, कातडी जाड असते नि तेल कमी.