हेगचा प्रॉसिक्युटर म्हणजे आरामाची नोकरी?

फिर्यादी: काल इथे 'उलटतपासणी' या सदस्यांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी न्यायालयांतल्या सरकारी वकिलांबद्दल लिहिलं, "हेगचे प्रॉसिक्युटर म्हणजे करमुक्त पगार, भाषणं आणि बोटांवर मोजण्याइतक्या शिक्षा, नुसती आरामाची नोकरी." रात्रभर तेच डोक्यात घोळतंय. अहो, ज्याच्याकडे अटक करायला स्वतःचा एक हवालदार नाही त्याचं करिअर शिक्षा मोजून कसं मापणार? बोस्नियातल्या सर्ब फौजेचा सेनापती म्लादिच, त्याच्यावर आरोपपत्र १९९५ ला, सापडला २०११ ला, जन्मठेप २०१७ ला. आरोपपत्र आणणारे प्रॉसिक्युटर गोल्डस्टोन १९९६ लाच पद सोडून गेले, पुढे प्रॉसिक्युटर देल पाँते आठ वर्षं राजधान्यांचे उंबरे झिजवत राहिल्या, त्यांच्या काळातही तो मिळाला नाहीच. मग त्यांचं करिअर फुकट?

उलटतपासणी: हवालदार नाही हे कारण किती दिवस पुरवणार? कांगोचा नेता बेम्बा आणि आयव्हरी कोस्टचा माजी राष्ट्राध्यक्ष ग्बाग्बो तर कोठडीतच होते ना. बेम्बा २०१८ ला अपिलात सुटला, ग्बाग्बो २०१९ ला सुटला तेव्हा बचावाने आपली बाजू मांडायलाही घेतली नव्हती. आणि न्यूरेंबर्गला नाझी खुनी पथकांवर खटला चालवणारे प्रॉसिक्युटर फेरेन्झ बघा, वय २७, आयुष्यातला पहिला खटला, एकही साक्षीदार न बोलावता दोन दिवसांत बाजू मांडली, २२ पैकी २२ दोषी.

फिर्यादी: फेरेन्झकडे हरलेल्या देशाचे रिपोर्ट होते हो, खुन्यांनी स्वतःच आकडे लिहून ठेवलेले! केनियाचा केन्याट्टा तर हेगला केस उभी असताना राष्ट्राध्यक्ष होता, खटला सुरूच झाला नाही. साक्षीदार फिरले, २०१४ ला केस मागे घ्यावी लागली.

जुनी_पायरी: "साक्षीदार फिरले" किती पटकन लिहितो आपण. मी वीस वर्षं फौजदारी खटले चालवले. एक बाई जबाबात अगदी ठाम होती, तारखेला आली तर आरोपीचा भाऊ मागच्या बाकावर बसलेला, म्हणाली काही आठवत नाही. तिला फितूर घोषित करा म्हणून मीच उभा राहिलो. अजून टोचतं ते.

काजवा: आणि जे विचारलंच जात नाही त्याचं काय? रवांडाच्या वंशसंहारासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात, अकायेसू नावाच्या महापौराच्या खटल्यात बलात्काराचा आरोप सुरुवातीला नव्हताच. एक साक्षीदार बाई बोलता बोलता आपल्या लहान मुलीवर काय झालं ते सांगून गेली, तेव्हा सगळ्यांना जाग आली. १९९७ ला आरोपपत्र वाढवलं, १९९८ ला निकाल आला की बलात्कारानेही वंशसंहार होतो. एवढा मोठा निकाल, आणि श्रेय सगळं वकिलांना!

फिर्यादी: आधी विचारलं असेल, बायका बोलल्या नसतील.

काजवा: हे लिहायला हात कसा धजला तुमचा? मी दुभाषाचं काम केलंय. समोर तपास करणारा पुरुष, दाराशी दुसरा पुरुष, आणि मला सांगतात "तिला विचारा, पटकन". ती फक्त पदराचं टोक पिळत बसली होती. कागदावर गेलं, "काही सांगायचे नाही."

फिर्यादी: वाक्य मागे घेतो. चूक झाली. पण प्रॉसिक्युटरने नंतर आरोपपत्र बदललं, हट्टाने जुनंच रेटलं नाही, एवढं तरी माना.

काजवा: मानते. तेवढंच.

उलटतपासणी: बरं, "आराम" हा शब्द मीही मागे घेतो, हेगच्या तेव्हाच्या प्रॉसिक्युटर बेन्सूदांवर २०२० ला अमेरिकेने निर्बंध घातले, असलं आपल्यापैकी कुणी सोसलेलं नाही. पण बेम्बा दहा वर्षं आत होता, त्याचा जाब कुणाला विचारायचा ते सांगा. विषय बदलू नका.

जुनी_पायरी: काजवा, त्या बाईंचा जबाब परत घेतला का कुणी?

काजवा: नाही. मी दोनदा विचारलं, फाईल बंद झाली म्हणाले.