मदत हवी आहे: घर बांधणाऱ्यांचं 45-एल टॅक्स क्रेडिट, 30 जूनच्या आत

नमस्कार मंडळी. अमेरिकेत बांधकामात उतरलेले आपले बरेच जण इथे आहेत, म्हणून 45-एलबद्दल, म्हणजे कमी ऊर्जा खाणारं घर बांधणाऱ्याला अमेरिकेच्या आयकरात मिळणाऱ्या सवलतीबद्दल, विचारतेय.

डॅलसच्या उत्तरेला आम्ही तीन कुटुंबांनी एलएलसी (भागीदारीतली कंपनी) काढून चार प्लॉट घेतले. जमीन, कर्ज, परवाने सगळं एलएलसीच्या नावावर. बांधकाम ठरावीक फीवर एका जनरल कॉन्ट्रॅक्टरला दिलंय. साइट मी बघते, रोज तिथेच असते. नवरा आणि बाकीचे दोघे भागीदार आयटीत. त्यांचं बांधकाम शनिवारच्या मीटिंगपुरतं!

एनर्जी स्टार (ऊर्जाबचतीचं सरकारी प्रमाणपत्र) मिळालेल्या घरामागे 2,500 डॉलर आणि त्याहून कडक झिरो एनर्जी रेडीला 5,000, इथवर कळलंय. 2022 च्या कायद्याने ही सवलत 2032 अखेरपर्यंत दिली होती. 2025 च्या 4 जुलैला सही झालेल्या कायद्याने ती 30 जून 2026 वर आणली. त्यामुळे धावपळ सुरू आहे.

दोन घरं एनर्जी रेटरने (प्रमाणपत्रासाठी घर तपासणाऱ्याने) भिंती बंद व्हायच्या आधी तपासली आहेत, त्यांचे सौदेही झालेत. तिसऱ्यात रेटर यायच्या आधीच कामगार शीटरॉक (भिंतीचे जिप्सम बोर्ड) ठोकून मोकळे झाले. मी दुपारी पोचले तेव्हा सांध्यांवर टेपिंग चालू होतं, काय बोलणार! चौथं जूनच्या सुरुवातीला तयार होईल, पण गिऱ्हाईक नाही.

आता कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, घरं मी बांधली, क्रेडिट माझं. आमचे सीपीए (इथले सीए) म्हणतात, रिटर्न भरताना बघू. तोवर जून उलटून जाईल. हे क्रेडिट नक्की कोणाचं? पगारावरच्या टॅक्समधून वजा होतं का? आणि तिसऱ्या-चौथ्या घराचं काय करायचं? जाणकारांनी कृपया सांगा.

ओळंबा:
कॉन्ट्रॅक्टरचं सोडा. कायद्यात 'पात्र कॉन्ट्रॅक्टर' म्हणजे बांधकाम चालू असताना घर ज्याच्या मालकीचं होतं आणि खर्च ज्याच्या खात्यावर चढत होता तो. बाहेरच्या माणसाकडून फी देऊन बांधून घेतलं तरी क्रेडिट मालकाचंच. तुमच्याकडे ती एलएलसी. त्याला फी मिळाली, विषय संपला. तरी पुढच्या करारात एक ओळ टाका, म्हणजे साइटवर वाद नको.

तिसऱ्या घराची आशा धरू नका. रेटरला इन्सुलेशन उघडं दिसावं लागतं: खाचांमध्ये नीट भरलंय का, वायरच्या बॉक्समागे दाबून चपटं झालंय का, वरच्या पट्टीतल्या भोकांना फोम मारलाय का. शेवटी ब्लोअर डोअर (दारात बसवायचा मोठा पंखा) लावून घर किती हवा गळतं ते मोजता येतं, पण भिंतीच्या आतलं त्यातून दिसत नाही. 2,500 साठी शीटरॉक उतरवून परत लावायचं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

जमाखर्च:
पगाराचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तिथेच बहुतेक भागीदाऱ्या फसतात. एलएलसी या क्रेडिटचा फॉर्म 8908 भरते, क्रेडिट के-1 वरून (प्रत्येकाच्या वाट्याचा कागद) भागीदारांकडे येतं, तिथून त्यांच्या रिटर्नमधल्या फॉर्म 3800 वर. पण ज्या भागीदाराचा कामात भरीव सहभाग नाही त्याच्यासाठी ते पॅसिव्ह, म्हणजे नुसते पैसे गुंतवल्यासारखं. पॅसिव्ह क्रेडिट पगारावरच्या टॅक्समधून वजा होत नाही, पॅसिव्ह उत्पन्नावरच्या टॅक्सपुरतंच चालतं. उरलेलं पुढे ओढत न्यायचं. शनिवारच्या मीटिंगवाल्यांना हे आत्ताच सांगा, नाहीतर एप्रिलमध्ये रिटर्न भरताना तोंडं वाकडी होतील.

तुमचं मात्र वेगळं. वर्षाला 500 तासांहून जास्त काम ही भरीव सहभागाची एक कसोटी आहे, आणि नवरा-बायकोपैकी एकाचे तास दुसऱ्यालाही धरले जातात. त्यामुळे तुमच्या दोघांच्या रिटर्नमध्ये पगाराचा टॅक्सही त्यातून कमी होऊ शकतो. तासांची वही ठेवा. तारीख, काय केलं, किती वेळ. नंतर आठवून लिहिलेली वही ऑडिटमध्ये टिकवणं अवघड.

आणखी एक. जेवढं क्रेडिट घ्याल तेवढी घराची कॉस्ट कमी धरावी लागते. 4,20,000 ला पडलेलं घर कागदावर 4,17,500 चं, म्हणजे नफा 2,500 ने वाढला. 24 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये 600 डॉलर परत गेले. हातात 1,900, तेही सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतःच्या धंद्याच्या कमाईवरचा वेगळा टॅक्स) न धरता. भागीदारांना 2,500 चा आकडा सांगू नका.

मूळ धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. तासांचं कोणीच सांगितलं नव्हतं! माझ्या फोनमध्ये रोजचे फोटो आहेत, त्यांवरून वही लावते. चौथं घर माझा मावसभाऊ भाड्याने घ्यायला तयार आहे, त्याला पोरांच्या शाळेसाठी तो भाग हवाच आहे. चालेल का? आणि तेच झिरो एनर्जी रेडी करून 5,000 मिळवता येतील?

ओळंबा:
भाड्याने दिलं तरी चालतं, विकलंच पाहिजे असं नाही. पण 30 जूनच्या आत राहण्यासाठी दिलेलं हवं. नातेवाईक आहे म्हणून करार तोंडी ठेवू नका: बाजारभावाने भाडं, बँकेतून पैसे, जूनमध्येच सामान आत. आणि एकदा भाड्याने गेलं की ते विक्रीचा माल राहत नाही, हिशेब बदलतो. बाकी दोन कुटुंबांची लेखी संमती घ्या.

5,000 चा नाद सोडा. त्यात एसीच्या डक्टची (हवेच्या नळ्यांची) जागाही बघतात, तुमच्या बाकीच्या घरांत त्या माळ्यावर असणार. फ्रेमिंगनंतर ते बदलणं परवडत नाही. एनर्जी स्टारचंच बघा, 2025 पासून त्याच्या नियमांची 3.2 आवृत्ती लागते. एलएलसीची एनर्जी स्टार पार्टनर म्हणून नोंद झालीय ना ते तपासा, आणि एसीवाल्याकडून खोलीवार लोडचा (कुठल्या खोलीला किती गारवा-ऊब लागेल याचा) डिझाइन रिपोर्ट मागून ठेवा. तो सगळ्यात उशिरा येतो.

जमाखर्च:
आणि चौथ्या घराचं इन्सुलेशन ज्या दिवशी संपेल त्याच्या दुसऱ्या दिवशीची रेटरची वेळ आजच घ्या. जूनपर्यंत सगळेच त्याच्या मागे असणार.