थारसाठी पैसे जोडू की आत्ताच थोडं फिरून घेऊ? (वय २६, नेर परसोपंत)

कपाशी_२९:

राम राम मंडळी. नेर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून रायलो. वय २६. जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायची गिरणी) हिशेबाचं काम पाहतो, महिन्याला २८ हजार हातात पडतात. घरी बाबांची पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि सोयाबीनमध्ये तूर. लग्न नाही, कर्ज नाही. (पीककर्ज सोडून. ते कोणाला नाही?)

२३ महिन्यांपासून दरमहा १५ हजार बाजूला टाकतो. ३ लाख ४५ हजार झाले. महिंद्राची थार जीप घ्यायची आहे. दुसरी सुचवू नका.

घरी ७ हजार देतो, उरलेल्या ६ हजारात पेट्रोल, मोबाइल, चहापाणी. मागच्या श्रावणात गावातले पोट्टे पचमढीजवळ नागद्वारच्या यात्रेला गेले, मी गेलो नाही. एका मित्राचं लग्न रायपूरला होतं, तेव्हाही काम आहे म्हणून सांगितलं. काम काहीच नव्हतं, जिनिंग बंद होती. यंदा परत नागद्वारचा बेत सुरू आहे तर एकानं ग्रुपवर लिहिलं, "त्याले विचारू नका बे, त्याची थार रुसते." सगळे हसले. मीपण हसायचं चित्र टाकलं, पण रात्री लवकर झोप लागली नाही.

तर असंच अजून चार-पाच वर्षं रेटायचं का? ज्यांनी रेटलं त्यांनी सांगा, ज्यांनी नाही रेटलं त्यांनी पण सांगा.

वऱ्हाडी_ठेचा:

भाऊ, पहिले हे सांग, थारच काहून? पोरगी पाहाले जायचं म्हणून घेऊन रायला का? तसं असंल तर ऐक, पोरीचा बाप अंगणातली गाडी पाह्यत नाई, तो नोकरी सरकारी हाय का तेवढंच विचारते. माह्या भावानं अनुभव घेतला हाय. चहा-पोहे गाडीतून गेलं तरी तेच अन् एसटीनं गेलं तरी तेच.

कपाशी_२९:

थोडं ते आहेच, खोटं कायले बोलू. पण मूळ गोष्ट दुसरी आहे.

पाचवीपासून बारावीपर्यंत गाव ते नेर काळी-पिवळीनं गेलो. कमांडर जीप. समोर ड्रायव्हर धरून चौघं, मधात चार-पाच, मागं आठ, आणि आम्ही शाळेचे पोट्टे मागच्या पायदानावर लटकलेले. आमचं भाडं अर्धं, म्हणून सीटवर हक्क नाही. पावसात दप्तर आतल्या एखाद्या बाईच्या मांडीवर द्यायचं आणि नेर आलं की मागून घ्यायचं. पुढं ड्रायव्हरजवळ जो बसे त्याला दर गिअरला गुडघा सरकवावा लागे. ड्रायव्हर न पाहताच त्याच्या मांडीवर थाप मारे, तो सरके, मग गिअर पडे. मला तेव्हापासून वाटे, एक दिवस आपण गिअरच्या त्या बाजूला बसायचं, थाप मारायच्या.

थारचा तोंडवळा पाहिला की मला तीच जीप दिसते. बाकी गाड्या साबणाच्या वडीसारख्या वाटतात.

पुणे_रिटर्न:

इंडेक्स फंडात एसआयपी लाव, गाडी विसर. गाडीची किंमत शोरूमबाहेर निघताच पडते.

वऱ्हाडी_ठेचा:

आला बाप्पा पुण्याचा पावना. त्यानं जीपची गोष्ट सांगतली, याले फंड दिसून रायला.

बोलेरोवाला_दारव्हा:

मी उलटं केलं म्हणून लिहितो. २०२१ च्या दसऱ्याले बोलेरो घेतली, ८ लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, सात वर्षं. हप्ता १३ हजार ७५. पूर्ण फिटेपर्यंत ११ लाखाच्या जवळ जाते. म्हणजे तीन लाख फक्त घाईचे.

पण व्याजापेक्षा दुसरी गोष्ट खाते. आपला पैसा येते दिवाळी ते संक्रांत, कापूस-सोयाबीन विकलं की. हप्ता येते दर पाच तारखेले. २०२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलले ५,३२८ होता. दिवाळीच्या टायमाले माह्याजवळ थांबायची ताकद असती तर थांबलो असतो. पण चार तारीख होती. व्यापाऱ्यानं ओलावा दाखवला, ४ हजारावर बोट ठेवलं, अन् म्या हो म्हटलं. त्या दिवशी बोलेरोतच पोते घेऊन गेलो होतो, हे वरून.

पहिल्या वर्षी खूप फिरलो, शेगाव, माहूर, लोणार. आता महिन्यातून दोनदा निघते. गाडी अंगणात उभी अन् हप्ता पळते. तुह्यं बरं हाय, तू अगोदर जोडून रायला. फक्त उपाशी राहून नको जोडू.

हिशेब_ताई:

मी पतसंस्थेत आहे, म्हणून आकडे सांगते. कपाशीभाऊ, तुम्ही कोणत्या किमतीसाठी जोडताय? जाहिरातीतली किंमत ही शोरूमची असते. समजा डिझेल थार शोरूमला ११ लाखांची पडली. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या डिझेल गाडीला वैयक्तिक नोंदणीवर १४ टक्के रोड टॅक्स, म्हणजे १ लाख ५४ हजार. पेट्रोल असेल तर १२ टक्के. किंमत १० लाखांच्या वर गेली की १ टक्का टीसीएस (विकणाऱ्यानं आगाऊ घेतलेला आयकर) कापतात, ते ११ हजार रिटर्न भरलं की वळते होतात, बरेच जण भरतच नाहीत आणि सोडून देतात. वर विमा. तेरा लाखांच्या खाली गाडी रस्त्यावर येत नाही.

आता जोडायचं म्हणाल तर पोस्टाच्या आवर्ती ठेवीला ६.७ टक्के धरले, तर दरमहा १० हजारांचे पाच वर्षांनी ७ लाख १३ हजार होतात. १५ हजारांचे पावणेअकरा लाखांच्या आसपास. तुमचे साडेतीन लाख धरले तरी पाच वर्षांनी किंमत आजचीच राहील असं नाही.

मला तुमच्या पोस्टमध्ये दुसरंच खटकलं. साडेतीन लाख साठले, पण त्यातला एकही रुपया घरच्या आजारपणाचा नाही, सगळा थारचा आहे. बाबांना उद्या सावंगीच्या किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागलं तर सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डातून उपचाराचे पैसे भागतील, पण जाणं-येणं, सोबतच्या माणसाचं जेवण, बुडालेली मजुरी कशातून? पहिले ८०-९० हजार वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याला थार हे नाव देऊ नका.

आणि १५ हजार हा आकडा कुठून आला?

कपाशी_२९:

ताई, खरं सांगू? २८ मधून ७ घरचे गेले, ६ मध्ये कसं तरी भागते हे पाहिलं, उरले ते १५. ठरवलं असं काही नाही.

मास्तर_दिग्रस:

मी निवृत्त शिक्षक. तुमच्या वयाचा असताना लुना होती, नंतर स्प्लेंडर. गाडी घेईन तर रोखीनं घेईन, असा माझा बाणा. दोन मुलांचं शिक्षण, एक घर, मग २०१९ साली वॅगन आर घेतली. रोखीनं. वय ५६. ड्रायव्हिंग शाळेत माझ्यासोबत माझेच दोन माजी विद्यार्थी शिकत होते, ते ब्रेक मारायला मला सांगत.

गाडी हाती बसते न बसते तो लॉकडाऊन. मग मोतीबिंदू. ऑपरेशन झालं, पण रात्री समोरून दिवे आले की अजून चाचपडतो, त्यामुळे अंधार पडायच्या आत घरी. सौभाग्यवती म्हणतात, हिच्यापेक्षा एसटी बरी, ती रात्रीची तरी चालते. आता दर रविवारी पंधरा मिनिटं गाडी सुरू करून ठेवतो, नाहीतर बॅटरी उतरते. मागच्या पावसाळ्यात उंदरांनी वायरिंग खाल्लं. एवढ्या वर्षांच्या बचतीवर उंदरांनी ताव मारला असं म्हणायला हरकत नाही.

तुम्हाला गाडी घेऊ नका असं मी म्हणणार नाही. मी उशीर केला एवढंच सांगतो. पण नागद्वारसुद्धा मी कधी केलं नाही, आणि त्यातले ते डोंगर, त्या शिड्या आता माझ्याच्यानं होणार नाहीत. गाडीचं तसं नाही, ती आजही दारात उभी आहे.

थेट_वावरातून:

एक प्रश्न कोणीच विचारला नाही. भाऊ, तू थार चालवली का कधी?

अन् दुसरं, वावरात न्यायची असंल तर नीट पाहून घेजो. स्वस्तातली थार फक्त मागच्या चाकांवर चालते, ते मॉडेल २०२३ पासून आलं. चारही चाकं ओढणारी वेगळी, तिले वरून पैसे. आमच्या पांधणीत जुलैमध्ये काळी माती चाकाले अशी बसते का मडगार्ड अन् टायर एकजीव होते. तिथं बैलजोडीच पाहिजे, नाव थार असो की काही.

अमरावतीले सेल्फ ड्राइव्हच्या गाड्या भेटतात. काळी पाटी, पिवळे अक्षरं असलेलीच घेजो, पांढऱ्या पाटीची भाड्यानं नको घेऊ, काही झालं तर विमा हात वर करते. दोन दिवस चालवून पाहाय अन् मंग बोल. २३ महिने ज्या गाडीसाठी उपाशी राह्यला तिच्यात बसून तर पाहाय.

कपाशी_२९:

नाही चालवली. शोरूममध्ये बसून आलो दोनदा, तिसऱ्यांदा गेलो तर त्या पोरानं पाणीसुद्धा नाही विचारलं.

हे भाड्याचं डोक्यात नव्हतं. पाहतो.

कपाशी_२९ (तीन आठवड्यांनी):

धागा वर आणतो, कारण सांगायचं आहे.

गाडी घेतली भाड्यानं, दीड दिवस. साडेसहा हजार भाडं, २,४०० चं डिझेल. दोन मित्र आणि आईला घेऊन चिखलदऱ्याला गेलो. आई यायला तयार नव्हती, निंदणाचे दिवस आहेत म्हणे. बाबांनीच पाठवलं.

पहाटे गाडी घराजवळ आणली तर आई हळद-कुंकवाची वाटी घेऊन बाहेर. म्हटलं, माय, गाडी आपली नाही, उद्या परत द्यायची आहे. ती म्हणे, "आज तं आपल्या दारात हाय नं." बोनेटवर स्वस्तिक काढलं, टायरखाली लिंबू ठेवलं. परत देताना मालकानं डाग पाहून धुण्याचे २०० कापले. दिले.

आता गाडीचं. तीन दारांच्या थारमध्ये मागं बसायचं तर पुढची सीट वाकवून, त्या फटीतून अंग घालून जावं लागतं. आई एकदा पाय टाकून थांबली, लुगड्याचा काठ सांभाळत उभी राहिली आणि म्हणाली, "मी पुढंच बसतो." बसली पुढं. मागं दोघं मित्र, तिथल्या काचा उघडत नाहीत. परतवाडा सोडून घाट लागला तसा त्यातला एक हिरवा पडला. तीन ठिकाणी उतरावं लागलं, आणि उतरायचं म्हणजे दरवेळी पहिले आईला उतरवायचं. तिसऱ्या वेळी तो म्हणे, "यापेक्षा पायदानावर लटकलो असतो तं बरं झालं असतं."

चालवायला? काय सांगू. घाटात दुसऱ्या गिअरला ती जे बोलते ते मला अजून ऐकू येतं. एका वळणावर चुकून माझा हात आईच्या गुडघ्याला लागला तर ती पटकन सरकली, त्या काळी-पिवळीतल्या माणसासारखी. मी काहीच बोललो नाही.

भीमकुंडाजवळ इतकं धुकं की दरी दिसलीच नाही, नुसता पाण्याचा आवाज. आई तिथं अर्धा तास उभी. नेर-अमरावतीच्या पलीकडे ती पहिल्यांदा आली होती, हे मला तिथं कळलं. ५१ वर्षांची आहे. येताना तिथल्या कॉफीची पुडी घेतली तिनं, घरी कोणीच कॉफी पीत नाही.

ताई, ९० हजार वेगळे टाकले. महिन्याचे १५ चे ९ केले.

आणि बोलेरोवाले काकाजी, एक विचारायचं होतं. तुमच्या बोलेरोला मागचं दार वेगळं आहे, बरोबर? बाजूनं पायदान आहे का? विकायची असली तर मनात काय किंमत आहे?

वऱ्हाडी_ठेचा:

आरे! "दुसरी सुचवू नका" म्हणणारा कुठं गेला?

कपाशी_२९:

तो अजून आहे. सध्या मागच्या सीटवर बसला आहे.

बोलेरोवाला_दारव्हा:

पायदान हाय, दोनी बाजूनं. किंमत बसून बोलू. कर्जाचे सव्वादोन वर्षं बाकी हायेत, ते पहिले सांगून ठेवतो.

हिशेब_ताई:

मग घाई करू नका. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल. तुमचे पैसे थेट कर्जखात्यात भरा, बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) हातात आला की मगच बाकीची रक्कम. टोकनसुद्धा कच्च्या कागदावर देऊ नका, ओळखीचा माणूस असला तरी. काकाजी, राग मानू नका.

बोलेरोवाला_दारव्हा:

राग कायचा, ताई बरोबर सांगून रायली. कपाशी, या रविवारी ये, गाडी धुवून ठेवतो.

कपाशी_२९:

या रविवारी नाही जमत काकाजी. शनिवारी रात्रीच नागद्वारला निघून रायलो, तिकीट काढलं. पुढच्या रविवारी येतो.

बोलेरोवाला_दारव्हा:

बरं. येतानी मायले घेऊन येजो. तिले चढून पाहू दे.